अंकोरवाट, व्हाया रामटेक

मावंद्याचा दिवस मनकर्णेने नवरा घरी पोचण्याआधीच ठरवून टाकला होता. आचाऱ्याला सांगून झालं होतं, मोठी कढई मागून आणली होती आणि भजनी मंडळाला निरोप गेला होता. चंपतराव धकाते कंबोडियाहून कलकत्त्यापर्यंत जहाजाने आणि तिथून रेल्वेने येऊन, ट्रंक खांद्यावर घेऊन तांडापेठेतल्या आपल्या दारात उभे राहिले, तेव्हा बायकोच्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते असं:

"तिथंच थांबा. पाय धुतल्याबिगर आत येऊ नका."

"काहून? मी काय रोज पाय न धुता घरात येतो?"

"तुम्ही नाही धुवायचे. आम्ही धुवायचे. तुम्ही आता तीर्थाहून आले."

हे तीर्थ कुठून उपटलं ते आधी सांगायला हवं. चंपतराव जातीचे कोष्टी, आणि करवतकाठी लुगडं विणण्यात त्यांचा हात धरणारा उभ्या नागपुरात नव्हता. सरकारने हातमागाचं एक प्रदर्शन कंबोडिया देशात भरवायचं ठरवलं, ठिकठिकाणचे विणकर वेचले, त्यात नागपूरचे हे. काम एवढंच की नॉम पेन्ह शहरात मांडवात माग टाकून बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना विणून दाखवायचं. यात देवाधर्माचा काही संबंध नव्हता.

पण आळीत नानाजी मास्तर राहत होते. मास्तर म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायचे आणि संध्याकाळी ओट्यावर बसून अख्ख्या आळीला पेपर वाचून दाखवायचे. चंपतरावांची निवड झाल्याचं कळताच त्यांनी कुठलं तरी पुस्तक उघडलं आणि जाहीर केलं, "कंबोडिया म्हणजे आपला जुना कंबोज. तिथं अंकोरवाट आहे. विष्णूचं देऊळ. एवढं मोठं देऊळ जगात दुसरं नाही. अन् सरकार यायले एक दिवस ते दाखवून राहिलं." झालं. त्या दिवसापासून चंपतराव कामाला चालले आहेत हे आळी विसरून गेली.

आणि आळीची रीत अशी, की यात्रेकरू परतला की त्याचे पाय धुवायचे, मग मावंद्याचं जेवण घालायचं, पंगतीत पहिलं पान त्याचं. बायको घरी बसून राहिली असली तरी अर्धं पुण्य तिच्या नावावर, आणि हळदीकुंकवाला पहिलं बोट तिच्या कपाळाला. मनकर्णेचा जीव या शेवटच्या कलमात अडकला होता. तिची थोरली जाऊ रुखमाबाई माहेरच्या बायकांबरोबर काशी करून आली होती. तेव्हापासून पहिलं कुंकू रुखमाबाईचं, आणि लोणच्यापासून लग्नापर्यंत शेवटचा शब्दही रुखमाबाईचा. मनकर्णा उमरेडहून लग्न होऊन आली ती थेट धोट्यातल्या कांड्यांवर सूत भरायला बसली. माग चालू असला की कांड्या भरायला घरात कोणीतरी लागतंच, आणि हा कोणीतरी म्हणजे नेहमी मनकर्णा. ती कधी कुठे गेली नाही आणि तिला कोणी कधी काही विचारलंही नाही.

निघण्याच्या दिवशी आळीतल्या प्रत्येक घराने चंपतरावांच्या हातात एकेक सुपारी ठेवली होती. आपल्या नावाने देवापुढे ठेवायची. बाबनरावांची भावाशी भिंतीवरून कोर्टात केस चालू होती, त्यांनी त्यासाठी. जनाबाईच्या सुनेला दिवस जाईनात, तिने त्यासाठी. मनकर्णेने या सुपाऱ्यांना स्वतः एक पिशवी शिवून दिली आणि नाडी बांधून नवऱ्याच्या कमरेला अडकवली.

आता खरी गोष्ट ऐका. चंपतरावांनी देऊळ पाहिलं नव्हतं. एकही नाही. कळससुद्धा नाही.

प्रदर्शन आटोपल्यावर साहेबांनी सगळ्या विणकरांना बसमध्ये घालून खरोखरच अंकोरवाटला नेलं. देऊळ मैलभरावर आलं आणि बसचं चाक बसलं. बाकीचे उतरून विड्या ओढायला लागले. तेवढ्यात झाडीतून आवाज आला. खट. मग जरा थांबून पुन्हा खट. हा आवाज चंपतरावांनी आईच्या पोटात असल्यापासून ऐकलेला, पण मधली ती थांबण्याची जागा त्यांना नवी होती. 'धोटा टाकल्यावर हा माणूस थांबते काहून?' असं मनाशी म्हणत ते दोन मिनिटं बघून येऊ म्हणून झाडीत शिरले.

उंच खांबांवर घर होतं, घराखाली माग होता आणि मागावर एक म्हातारी बसली होती. तिच्या कांडीवरचं रेशीम ठिपक्याठिपक्यांचं होतं, पण कापडात उतरलं की त्या ठिपक्यांचं आपसूक फूल होत होतं. चंपतरावांनी हे जन्मात पाहिलं नव्हतं. ते उकिडवे बसले. मग मांडी घालून बसले. इकडे बसचं चाक बदललं, साहेबांनी माणसं मोजली, एक कमी भरलं. कांचीपुरमचा विणकर तमिळमध्ये म्हणाला की तो पायी पुढे गेला असेल, आणि साहेबांना ते पटलं. संध्याकाळी बस मुक्कामाला परतताना माणसं शोधायला उतरली, तेव्हा चंपतराव स्वतः मागावर बसले होते, म्हातारी मागे उभी राहून आपल्या भाषेत त्यांना रागावत होती आणि चंपतराव तिला वऱ्हाडीत उत्तरं देत होते. दोघांचं उत्तम चाललं होतं.

आणि सुपाऱ्या? म्हातारीने पाहुण्याला पान दिलं, पण तिच्या डब्यातली सुपारी संपली होती. चंपतरावांनी कमरेची पिशवी सोडली. पहिली सुपारी काढताना त्यांच्या मनात आलं, ही बहुतेक बाबनरावाची. दुसरीच्या वेळी काही मनात आलं नाही. म्हातारीचे दात त्या बाबतीत पक्के होते. संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीचे नवस तिने चावून टाकले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बस नॉम पेन्हला परत निघाली.

परतीच्या जहाजात चंपतराव अगदी सुखात होते. तो माग घरी जाऊन कधी एकदा मनकर्णेला सांगतो, असं त्यांना झालं होतं. कुठून सुरुवात करायची तेही ठरलं होतं. आणि दारात पोचतात तर हा पाय धुण्याचा कार्यक्रम.

धुवायला रुखमाबाई आली, कारण मान थोरलीचा. ओठ घट्ट मिटून तिने दिराचे पाय पितळी परातीत घेतले, धुतले, पुसले आणि ते पाणी डोळ्यांना लावलं. मागे उभी असलेली आळी वाकून नमस्कार करायला लागली. आता तुम्हीच सांगा, एकदा पाय धुऊन घेतल्यावर माणसाने खरं बोलायचं कसं? खरं बोलायचं तर बूट काढायच्या आधी बोलावं लागतं.

तरी त्यांनी प्रयत्न केला. संध्याकाळी जेवताना म्हणाले, "मनकर्णे, ते देवळाचं एक सांगायचं होतं तुले."

"मावंद्याच्या दिवशी सगळ्याइदेखत सांगा. मले एकटीले सांगून टाकलं तं मजा जाईल." तिने भाकरीवर तुपाची धार धरली. घरात तूप कधीपासून आलं हे विचारायचं चंपतरावांना धाडस झालं नाही. "काल नळावर थोरल्या बाईनं मले पहिली घागर भरू दिली. स्वतः सरकली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा."

"हव का?"

"हव. मी म्हटलं, देवा, तुह्यं देऊळ यायनं पाहिलं नसतं तं मी कोणाले तोंड दाखवलं असतं?"

चंपतरावांनी घास गिळला आणि गोष्टही गिळली. माग सांगायला गेलं की देऊळ जातं, देऊळ गेलं की मनकर्णेची पहिली घागर जाते. ते आपल्या मागावर जाऊन बसले, पण धोटा हातात घेतला की ती म्हातारी आठवायची. आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट पोटात ठेवून गप्प बसणं काय असतं ते त्यांना आता कळायला लागलं.

गोष्ट इथेच थांबली असती तरी चाललं असतं. पण आठवडा गेला नाही तोच बाबनरावांची केस मिटली. भाऊ आपणहून म्हणाला, भिंत तूच ठेव. बाबनराव पेढे घेऊन धावत आले.

"चंपत, माही सुपारी देवापुढं ठेवली होती ना गा?"

"पोचली," चंपतराव म्हणाले. यात खोटं काही नव्हतं.

"पोचली म्हणजे काय, पावली. एकदम बरोबर जागी पोचली."

मागोमाग जनाबाई हसत रडत आली. सुनेला दिवस गेले होते. तिने चंपतरावांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मग मनकर्णेच्याही ठेवलं, कारण अर्ध्याची ती मालकीण. मनकर्णा लाजून चूर झाली. त्या दिवसापासून मावंद्याला एक आळी यायची ती तीन आळ्या यायच्या ठरल्या. कढई छोटी पडली. नानाजी मास्तर शाळेतून फळा घेऊन आले आणि त्यावर रंगीत खडूने लिहिलं, 'कंबोज देशीची प्राचीन मंदिरे. वक्ते श्री. चंपतराव धकाते.' फळा ओट्यावर लावला. चंपतराव येताजाता त्याच्याकडे पाठ करून चालत.

देऊळ सांगायचं तर कुठलं तरी देऊळ डोळ्यांपुढे हवं. शोधून शोधून त्यांना एकच सापडलं. लहानपणापासून आईबरोबर कार्तिकात जायचे ते रामटेक. शेवटी देऊळ ते देऊळ, त्यात फरक असून असून किती असणार, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. नागपूरच्या माणसाला देवळाचं वर्णन करायला सांगा, तो दुसरं काय सांगेल?

मावंद्याच्या दिवशी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. सवाष्णींना हळदीकुंकू लागलं आणि जनाबाईने पहिलं बोट मनकर्णेच्या कपाळाला लावलं. रुखमाबाईने दुसरं लावून घेतलं, चेहऱ्यावरची रेषही न हलवता. भजन झालं. पंगत बसायच्या आधी मास्तरांनी हात वर केला आणि चंपतरावांना ओट्यावर उभं केलं.

"तं," चंपतराव म्हणाले, "आधी तलाव लागते."

मास्तरांनी मान डोलावली. "खंदक म्हणतात त्याले पुस्तकात. पाण्यानं भरलेला. पुढं?"

"मंग पायऱ्या. चढता चढता गुडघे बोलायले लागतात."

"बरोबर. लय उभ्या आहेत असं लिहिलं आहे."

"अन् माकडं. हातातला नारळ कधी गेला ते समजत नाही."

"माकडं भी आहेत," मास्तर श्रोत्यांकडे वळून म्हणाले. "डोळ्यानं पाहिलेला माणूस असा ओळखू येते."

थाप मारणाऱ्याची पहिली तीन वाक्यं खरी निघाली की त्याला आवरणं कठीण. चंपतरावांचा आवाज चढला. मनकर्णा पुऱ्यांची परात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि आत जायचं विसरली होती. तिच्याकडे बघून तर त्यांना आणखीच चेव आला.

"अन् मधी एक वराह आहे. दगडाचा. या ओट्याहून मोठा. त्याच्या पोटाखालून सरपटत निघायचं. पुण्यवान माणूस सटकन निघते, अन् पापी असला की अडकते."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. जमलेल्या बायकांपैकी एक मनकर्णा सोडली तर बहुतेक सगळ्या त्या वराहाखालून कधी ना कधी निघालेल्या होत्या. कोपऱ्यात म्हातारे गणपतराव काठीवर हनुवटी टेकून ऐकत बसले होते. ते प्रेमाने म्हणाले, "मी भी अडकलो होतो गा चंपत. कंबरेपाशी. दोघांनी ओढून काढलं मले."

"कुठी?" मास्तरांनी विचारलं.

"कुठी म्हणजे? रामटेकले. हा रामटेकच तं सांगून राहिला."

कोणीतरी फिसकन हसलं. बाबनरावांनी पेढ्यांच्या वेळचा आपला चेहरा आठवून मान खाली घातली.  चंपतरावांनी दाराकडे पाहिलं. मनकर्णेच्या कपाळावर पहिलं कुंकू होतं आणि त्याच्याखाली तिचा चेहरा हळूहळू उतरत चालला होता. त्यांच्या मनात आलं, आपलं काय, आपण मागावर जाऊन बसू. पण हिने आता नळावर कसं जायचं?

तेवढ्यात रुखमाबाई उठली. ही आता काय बोलते म्हणून सगळ्यांनी माना वळवल्या, कारण सगळ्यांना ठाऊक होतं की ही संधी ती सोडायची नाही.

"त्यात हासायचं काय आहे?" रुखमाबाई म्हणाली. "काशीले भी तसंच आहे."

मास्तर गोंधळले. "काशीले वराह?"

"आहे. तलाव आहे, पायऱ्या आहेत, माकडं आहेत, अन् वराह भी आहे. काहून मास्तर, तुम्ही गेले होते का काशीले?"

"नाही, मी कुठी..."

"कंबोडियाले?"

"नाही."

"मंग जे गेले त्यायले बोलू द्या ना."

अंगणात काशी केलेलं दुसरं माणूस नव्हतं. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि त्यांना एकदम प्रकाश पडला. "म्हणजे पाहा," ते फळ्याकडे धावत म्हणाले, "काशी, रामटेक अन् कंबोज. देऊळ एकाच धर्तीचं. याचा अर्थ काय होते? संस्कृती एकच आहे." त्यांनी तीन ठिपके काढून त्यांच्यामधून एक लांब रेघ ओढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनकर्णेचा चेहरा पुन्हा उजळला आणि पुऱ्या वाढायला निघाल्या. फक्त गणपतराव पंगतीत बसता बसता म्हणाले, "मंग येवढ्या दूर कायले गेला हा? रामटेकची गाडी तं इथूनच जाते."

जेवणं झाल्यावर चंपतराव परसात हात धूत होते. रुखमाबाई मागून आली आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "भाऊजी, खरं सांगा. कुठी बसले होते?"

चंपतरावांनी ओले हात झटकले. "एका म्हातारीच्या मागाजवळ."

"मी पेट्याइजवळ."

"कोणत्या पेट्या?"

"काशीत. धर्मशाळेत. सगळ्या बायका दर्शनाले जात, अन् मले म्हणत, रुखमे, तू भरवशाची आहे वं, सामान राख. एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं, मंग रोजचंच झालं. शेवटच्या दिवशी मी निघाली, तं गाडीची वेळ झाली." तिने पदराने कपाळ पुसलं. "आल्यावर तुमच्या भावानं विचारलं, कसं आहे देऊळ. मले रामटेकच आठवलं. आज तुमचं फुटलं असतं तं उद्या माह्यं फुटलं असतं. लोकं एक धागा ओढतात का?"

"वहिनी," चंपतराव म्हणाले, "तुमचे उपकार झाले."

"उपकार कायचे. मनकर्णेले सांगू नका. तिले बरं वाटून राहिलं, वाटू द्या."

दोघं असं ठरवून आत वळली, तर दारात मनकर्णा उभी. तिने काही ऐकलं नव्हतं. ती नुसती आनंदाने फुलली होती. "मी काय म्हणते, काशी भी तशीच, कंबोडिया भी तसंच, अन् रामटेक भी तसंच. अन् मी तं रामटेकले भी नाही गेली कधी. मले घेऊन चला ना. एका तिकिटात तिन्ही होते."

यावर नाही कसं म्हणणार? पुढच्या रविवारी माग बंद ठेवून तिघं रामटेकच्या गाडीत बसली. महादेवराव, म्हणजे रुखमाबाईचे यजमान, घर राखायला आनंदाने मागे राहिले. रुखमाबाई काशीला गेली होती तो महिनाही त्यांना असाच गोड गेला होता. कामठी गेली, कन्हानचा पूल आला. रुखमाबाईने खिडकीतून आपलं माहेर दाखवलं. मनकर्णेने सोबत भाकरी, ठेचा आणि संत्री बांधून घेतली होती, पण तिचं खाण्याकडे लक्ष नव्हतं. ती खिडकीला चिकटून बसली होती.

अंबाळ्याच्या तलावाशी पोचताच ती थांबली. "तलाव," ती म्हणाली. "अगदी तुम्ही सांगितला तसाच." मग पायऱ्या लागल्या. "पायऱ्या भी तशाच." अर्ध्या वाटेत एका माकडाने रुखमाबाईच्या हातातला नारळ पळवला तेव्हा तर मनकर्णेला स्वर्ग दोन बोटं उरला. ती वळली आणि तिथेच पायरीवर वाकून तिने नवऱ्याच्या पायांना हात लावला. "तुमच्यामुळं हे सगळं मले आधीच दिसलं होतं."

चंपतरावांना ते सोसलं नाही. ते मटकन पायरीवर बसले. "मनकर्णे, मी देऊळ नाही पाहिलं वं. एका म्हातारीच्या मागाजवळ दिवसभर बसून होतो. हे सगळं रामटेक पाहून सांगितलं."

मनकर्णा हसली. "चला, काहीतरीच सांगता."

"खरं सांगून राहिलो."

"येवढं जगातलं मोठं देऊळ सोडून मागाजवळ कोण बसते? माणूस येडा आहे का?" ती रुखमाबाईकडे वळली. "पाहा ना बाई, हे काय म्हणून राहिले."

रुखमाबाईने एक उसासा टाकला. एवढ्या वर्षांचं ओझं एकदाचं उतरवावं असं तिलाही वाटलं असावं. "मनकर्णे, मी भी काशीत देऊळ नाही पाहिलं. पेट्या राखत बसली होती."

"बाई, तुम्ही भी?" मनकर्णा आता पोट धरून हसायला लागली. "मी डोळ्यानं पाहून राहिली ना, तुम्ही दोघांनी सांगितलं तसंच आहे सगळं. अन् सुपाऱ्या पावल्या त्या कशा? पुण्य लपवलं की वाढते म्हणतात, म्हणून लपवता तुम्ही. अन् हे मागाजवळ बसले असते, तं पहिल्याच दिवशी मले सगळा माग सांगितला नसता? यायच्या पोटात मागाची गोष्ट राहिली आहे का कधी?"

हे वाक्य चंपतरावांना लागलं. इतके दिवस जे छातीत दाटून बसलं होतं ते आता काही केल्या राहीना. "तिच्या बाण्याचा आडवा धागा," ते म्हणाले, "कांडीवर चढायच्या आधीच रंगवलेला होता. जागोजागी गाठी मारून. गाठ आहे तिथं रंग नाही, गाठ नाही तिथं रंग."

मनकर्णेचं हसू थांबलं. "गाठी मारून? मंग?"

"मंग गाठी सोडायच्या अन् कांड्या भरायच्या. धोटा टाकला की फूल आपोआप कापडात. म्हणून ती थांबत होती. धागा जागेवर सरकवायले."

"अन् कांड्या कोण भरत होतं?"

"तिची सून."

मनकर्णा त्यांच्याशेजारी पायरीवर बसली. "सगळ्या कांड्या एकसारख्या, की प्रत्येकीत वेगळा रंग?"

"वेगळा. ओळीनं लावून ठेवल्या होत्या. एक कांडी इकडची तिकडं झाली की फूल मोडलं."

"माय," मनकर्णा हळूच म्हणाली. "म्हणजे त्या पोरीच्या हातात होतं सगळं. म्हातारी विणते, पण फूल सुनेच्या हातात." तिने आपल्या हातांकडे पाहिलं. "अन् कांड्या नंबर टाकून ठेवत होती, की डोक्यात?"

"थांब, दाखवतो." चंपतरावांनी संत्र्याच्या साली पायरीवर ओळीने मांडायला घेतल्या.

वर आरतीची घंटा झाली. रुखमाबाई म्हणाली, "चला, देऊळ बंद होईल." मनकर्णा मान वर न करता म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं बाई, आम्ही आलोच." रुखमाबाई वर गेली, दर्शन करून आली, वराहाखालून निघूनही आली. खाली येऊन बघते तर दोघं तिथेच. साली संपल्या होत्या आणि आता मनकर्णेच्या लुगड्याच्या काठाच्या चुण्या घालून काम चाललं होतं.

"अवं, देऊळ बंद झालं. आता संध्याकाळी उघडते, अन् आपली गाडी तं त्याच्या आधी आहे."

"होऊ द्या बाई," मनकर्णा म्हणाली. "हे सांगा, उभा ताणा पिवळा घेतला तं आपल्याले जमेल का?"

 मग रुखमाबाईही एका पायरीवर बसली आणि उरलेलं संत्रं सोलायला लागली. गाडीतही तोच विषय चालला. कन्हानचा पूल केव्हा गेला ते या वेळी कोणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णा नळावर आली, तेव्हा जनाबाईने तिला पुढे घेतलं. "कसं झालं वं रामटेक? पाहिलं सगळं?"

"पाहिलं ना," मनकर्णा घागर नळाखाली ठेवत म्हणाली. "आधी तलाव लागते. मंग पायऱ्या. माकडं तं विचारू नको."

"अन् वराह?"

मनकर्णेने रुखमाबाईकडे पाहिलं. रुखमाबाई आपल्या घागरीत वाकून बघत होती.

"वराह भी आहे," मनकर्णा म्हणाली. "अगदी कंबोडियासारखा."